हशा कुठून सुरू होतो

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याचा ओघ फारसा बदललेला नाही.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो नाही. माझा थोरला भाऊ शिकला. तो सांगतो, गुरुजी कवितेच्या तासाला आधी पुस्तकं मिटायला लावायचे. कविता दोनदा म्हणायचे, जरा थांबायचे आणि विचारायचे, "काय ऐकलंत?" कवीला काय म्हणायचं आहे, हा प्रश्न त्यांच्या तोंडून कधी आला नाही. त्यामुळे वार्षिक परीक्षेत आम्हा सगळ्यांची पंचाईत व्हायची, असंही भाऊ सांगतो. आज मी जे बोलणार आहे ते गुरुजींच्या त्या प्रश्नाच्या आसपासच फिरेल. काय ऐकलंत?

पत्रिकेवर छापलेला विषय फार भारदस्त आहे: 'काव्यवाचनातील विनोद आणि प्रामाणिकपणा'. दोष वाचनालयाच्या कार्यवाहांचा नाही. त्यांचा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो आणि घाईत सुचलं ते बोललो. माझा खरा विषय एवढाच आहे. साध्या बोलण्यातली कविता कुणीतरी उभं राहून वाचतं आणि समोरची माणसं हसतात. ती कशाला हसतात?

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी तेविशीत होतो. एका तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात कविसंमेलन होतं. कवी अकरा, श्रोते साठ-सत्तर, त्यातले निम्मे प्रसादासाठी थांबलेले. माझ्या कवितेत क्षितिज होतं, काजळलेली सांज होती आणि एक अनाम हुरहुर होती. त्या वर्षी महाराष्ट्रात जेवढे दिवाळी अंक निघाले, त्या सगळ्यांत ही तिन्ही सापडली असती. मी दुसऱ्या कडव्यात होतो आणि वीज गेली. माइक मेला. मी घसा ताणून पुढं वाचत राहिलो, कारण थांबायचं कसं ते ठाऊक नव्हतं. वाचून झाल्यावर अंधारातून एका बाईंचा आवाज आला, अगदी मायेनं विचारलेला: "पण बाळा, झालं काय?"

सगळा मांडव हसला. मीही हसलो, म्हणजे हसल्यासारखं केलं. अंधार होता ते बरं. त्या रात्री मला बाईंचा राग आला होता. आता वाटतं, माझ्या कवितेवर इतकं नेमकं परीक्षण पुढं कुणी लिहिलं नाही. कवितेत काहीच झालेलं नव्हतं. माइक चालू होता तोवर ते झाकून गेलं होतं.

माझ्यानंतर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर उठले. तोवर कुणीतरी पेट्रोमॅक्स आणून टेबलावर ठेवली होती. त्यांच्याकडे वही नव्हती, सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद निघाला. कविता सुट्या पैशांवर होती. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं आकडा लिहून द्यायचा आणि म्हणायचा, उतरताना घ्या. उतरायची वेळ आली की तो गर्दीत पार दुसऱ्या टोकाला असायचा. आपण खाली उतरून खिडकीपाशी जाईपर्यंत डबल बेल, आणि आपण धुरळ्यात तिकीट हातात धरून उभे. कवितेत एवढंच होतं. कुठल्या गावाला कुणाचे किती राहिले, त्याची ते यादी वाचत होते. शाळेतल्या मास्तरांचे चाळीस पैसे. मास्तर मुलांसमोर कसे मागणार? नव्या जावयाचे साठ पैसे. शेजारी सासरे बसलेले. एका वऱ्हाडाचे तर तब्बल तीन रुपये, कारण तिकिटं कोणत्या बाजूनं काढली यावरच वऱ्हाडात वाद चाललेला. प्रत्येक आकड्याला हशा चढत होता. का नाही चढणार? मांडवातल्या प्रत्येकाच्या घरी, कुठल्या ना कुठल्या धुवायला टाकलेल्या सदऱ्यात, असं एक तिकीट निघालेलं होतं.

मग शेवटी एक म्हातारी आली. फाट्यावर उतरली. तिला तिकिटामागचा आकडा वाचता येत नव्हता, आणि तो लिहितानाच कंडक्टरांना ते कळलेलं होतं. ती पैसे मागायला आली नाही. कंडक्टरांनी दोरी ओढली. एवढं वाचून त्यांनी कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि खाली बसले.

टाळ्या यायला वेळ लागला. पेट्रोमॅक्सचा फरफर आवाज तेवढा येत होता.

नंतर चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. म्हातारी कवितेपुरती बनवलेली असणार, असं मला वाटत होतं. आम्ही कवी तसं करतो. विचारलं, "म्हातारीचे किती होते हो?" ते म्हणाले, "एक रुपया दहा पैसे." आणि कपातला चहा बशीत ओतायला लागले.

मंडळी, त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागं लागलाय. ते साठ-सत्तर लोक कुणाला हसत होते? कंडक्टरांना? ते तर स्वतःच्या लबाडीची जाहीर कबुली देत होते, आणि हसणारे लोक लुबाडले गेलेले होते. लुबाडलेल्यांनी लुबाडणाऱ्याच्या कवितेवर हसावं? पण ते हसले, मनापासून हसले. मला वाटतं ते हसणं 'हो' म्हणण्यासारखं होतं. हो, असंच झालं होतं, आणि हो, आम्हीही कुठंतरी असंच केलंय. आपण हशाला दाद म्हणतो. मी त्याला कबुली म्हणतो. ज्या कवितेत श्रोत्याला कबूल करण्यासारखं काही नसतं, तिला विनोद करून करून हशा मिळेलही, पण तो गळ्यातला हशा असतो, पोटातला नसतो.

आता जरा मागं जाऊ. आधी कानाबद्दल बोलायला हवं.

कानाला पान मागं उलटता येत नाही. छापलेल्या कवितेत डोळा अडला तर परत वर जातो, दुसऱ्यांदा वाचतो, कवी मोठा असेल तर आपलीच चूक असं समजतो. ऐकताना ती सोय नाही. ओळ कानावरून गेली की गेली. त्यामुळे बोलण्याच्या कवितेतला प्रत्येक शब्द त्याच क्षणी पोचावा लागतो. आणि गंमत अशी की पोकळ शब्द कानाला लगेच ऐकू येतो. 'अनाम हुरहुर' छापलेली असली की सुंदर दिसते. तीच पेट्रोमॅक्सच्या उजेडात मोठ्यानं म्हणून बघा. रिकामा डबा वाजतो. साधी कविता म्हणजे सोपी कविता, असा एक गैरसमज आपल्याकडं पक्का बसलाय. साध्या कवितेत लपायला जागा नसते, एवढाच तिचा साधेपणा.

आपल्याकडं कविता मोठ्यानं म्हणण्याची परंपरा आधुनिक काळात जोरात आणली ती रविकिरण मंडळानं, १९२३ च्या सुमारास, पुण्यात. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी. ती आपल्या कविता गाऊन म्हणत. त्यांचं श्रेय मोठं आहे. कवितेसाठी माणसं सभागृहात येऊन बसू लागली. पण चाल ही फार मायाळू गोष्ट असते. ओळ कच्ची असली तरी चाल तिला कडेवर घेते. गोड गळ्यातून आलं की आपण अर्थ विचारत नाही. हे आचार्य अत्र्यांच्या लक्षात आलं. 'केशवकुमार' या नावानं लिहिलेली त्यांची 'झेंडूची फुले' १९२५ ची. त्यांनी केलं काय? विरहाचा थाट तसाच ठेवला, वृत्त तसंच ठेवलं, आणि प्रेयसीच्या जागी परटाला साद घातली. कपडे घेऊन गेलेला परीट परत येत नाही, म्हणून व्याकूळ झालेला कवी! लोक हसून हसून लोळले. ती टवाळी होती, आणि ती कवितेची तपासणीही होती. परटाला चालणारा थाट प्रेयसीला जसाच्या तसा चालत असेल, तर त्यात प्रेयसी किती होती? माझ्या क्षितिजवाल्या कवितेचं परीक्षण त्या बाईंनी केलं, तेच काम अत्र्यांनी आधी पुस्तकभर करून ठेवलं होतं. मी ते वाचलेलं होतं. तरी शहाणपण आलं नाही, ते वेगळं.

पुढं विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी महाराष्ट्रभर काव्यवाचनाचे कार्यक्रम केले. माझ्या मते मराठी कविता खऱ्या अर्थानं बोलायला लागली ती इथं. तिघांचे तीन आवाज. बापटांमागं सेवादलाचं कलापथक उभं असायचं, शाहिरी ठसका. विंदा वर्गात मुद्दा पटवून देणाऱ्या प्राध्यापकासारखे, हातवारे करून, कवितेशीच हुज्जत घालत. आणि पाडगावकर? ओट्यावर बसून शेजाऱ्याशी गप्पा मारल्यासारखे. चाल गेली, बोलणं उरलं. या तिघांनी कविसंमेलनांना आणखी एक गोष्ट शिकवली: दोन कवितांच्या मधलं बोलणंही कवितेइतकंच महत्त्वाचं असतं. त्याचा पुढच्या कवींनी इतका गैरवापर केला की आता कविता दोन मिनिटं आणि तिची जन्मकथा दहा मिनिटं. ते असो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडं येतो. खरेपणाची कविता पहिला बाण कुणावर सोडते?

तुकोबांचं उदाहरण घ्या. घरात दाणा नाही, लेकरं उपाशी, आणि हे टाळकरी गोळा करून बसतात, ही बायकोची तक्रार तुकोबांच्या गाथेत आहे. तिच्या तोंडच्या शब्दांत, तिच्या संतापासकट आहे. ती तिथं कुणी घातली? तुकोबांनीच. आता हे अभंग कीर्तनात आले की काय होतं? पुष्कळ कीर्तनकार आवाज चिरका करतात, जिजाईला कजाग करतात आणि हशा घेतात. मला तो हशा कधी आवडला नाही. तुकोबांचा विनोद जिजाईवर नाहीच. भर कीर्तनात, सगळ्या गावासमोर, माझी बायको माझ्याबद्दल काय म्हणते ते ऐका, असं सांगणाऱ्या माणसाचा विनोद स्वतःवर आहे. आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे हे त्याला माहीत आहे. नाहीतर एवढं तपशिलात कोण लिहील?

किंवा त्याच्याही आधी पैठणचे नाथमहाराज. भवानीला रोडगा कबूल करणाऱ्या सुनेचं त्यांचं भारूड तुम्ही ऐकलंय. सासरचं एकेक माणूस दूर कर म्हणून ती देवीला नवस करते. लुगडं नेसलेला सोंगाड्या ते म्हणायला लागतो, तेव्हा बायकांच्या बाजूला बघावं. पदर तोंडाला लागलेले असतात. शेजारी सासू बसलेली असते, आणि तीसुद्धा हसत असते, कारण तीही कधीतरी सून होतीच. अध्यात्माचा अर्थ मागाहून येतो. आधी ती कबुली.

आता नारायण सुर्वे. इथं मी थोडा रेंगाळणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं तरी चालेल.

सुर्व्यांच्या एका कवितेत एक बाई आपल्या मुलाला घेऊन शाळेत येते. नाव घालायचंय. बापाच्या नावाचा रकाना येतो. बाईचा धंदा असा की त्या रकान्यात लिहायला नाव नाही. ती मास्तरांनाच म्हणते, तुमचंच लिहून टाका. बरोबर याच ठिकाणी, ही कविता मी जिथं जिथं ऐकली तिथं तिथं, सभागृहात एक हशा फुटतो. अर्धा. सुरू होतो आणि मधेच गिळला जातो. पुरुष आधी हसतात, आणि आधी थांबतातही तेच. मी हा अर्धा हशा कितीतरी वेळा ऐकलाय, आणि माझ्या मते मराठी काव्यवाचनात त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. हसताना श्रोत्याच्या लक्षात येतं की बाईनं थट्टा केलेली नाही. तिनं व्यवहार सांगितलाय. रकाना भरायचाय, पोराला शिकवायचंय, नाव पाहिजे, तुमचं आहे, द्या. थट्टा केलीय ती त्या रकान्यानं.

आणि ही कविता कुणी लिहिली? मुंबईत तान्हेपणी टाकून दिलेल्या एका पोराला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून घरी आणलं आणि आपलं नाव दिलं. तेच पोर पुढं गिरणीत राबलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई झालं, शिकून त्याच महापालिकेच्या शाळेत मास्तर झालं. १९६२ मध्ये त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला, आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. म्हणजे रकान्याच्या अलीकडं उभं राहून नाव मागणारं पोरही तेच आणि पलीकडं टाक घेऊन बसलेले मास्तरही तेच. कवितेत हे कुठंही सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सुर्वे स्वतः वाचायला उभे राहत तेव्हा आवाज चढवत नसत, एखाद्याला पत्ता सांगावा तसं वाचत. त्या कवितेत ते कुणाच्या बाजूनं बोलत होते? मी याचा पुष्कळ विचार केला. मला वाटतं, गंगारामांच्या.

आता पाडगावकरांची 'सलाम'. त्या नावाचा संग्रह १९७८ चा, १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. तोवर पाडगावकर म्हणजे पाऊस, चांदणं, भावगीतं, असंच लोकांच्या मनात होतं. आणि हा माणूस उभा राहून एकामागून एक सलाम ठोकत सुटतो. दादाला, मटकेवाल्याला, पुढाऱ्याला, साहेबाला. यादी लांबत जाते आणि लोक हसत जातात. हसता हसता प्रत्येकाच्या लक्षात येतं की यातल्या चार-पाच जणांना तर मीही करतो. सकाळीच एकाला करून आलोय. इथंसुद्धा हशा म्हणजे कबुलीच. शेवटाकडं त्या सलाम करणाऱ्या माणसाचं जे ध्यान उभं राहतं, ते आठवा. एक हात कपाळाशी गेलेला, आणि दुसरा मागं, पार्श्वभागावर, न जाणो लाथ बसली तर. मी सभ्य शब्द वापरला. पाडगावकरांनी वापरलेला नाही, आणि त्यांनी तो वापरला नसता तर कविता खोटी पडली असती. भावगीतांच्या कवीच्या तोंडून, बायकामुलांनी भरलेल्या सभागृहात तो शब्द आला की आधी एक क्षण सन्नाटा. मग हशा. सुर्व्यांच्या कवितेत हशा आधी आणि सन्नाटा नंतर, इथं उलट. पण दोन्हीकडं या दोहोंच्या सांध्यावरच कविता उभी आहे. सांधा नसेल तर नुसता हशा ही करमणूक आणि नुसता सन्नाटा हे प्रवचन. लक्षात घ्या, त्या कवितेतला सलाम करणारा 'ते लोक' नाहीत. 'मी' आहे. पाडगावकरांनी स्वतःला त्या ध्यानात उभं केलं. पुढारी असे, साहेब असे, असं लिहिलं असतं तर टाळ्या जास्त आल्या असत्या.

टाळ्यांचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून घेतो.

वात्रटिका हा प्रकार आपल्याकडं चांगला रुजला. रामदास फुटाण्यांसारख्या माणसानं राजकारणावर बोचऱ्या चार-चार ओळी लिहून त्या सत्तेतल्या माणसांच्या तोंडावर वाचल्या, याला हिंमत लागते आणि कसबही लागतं. अशोक नायगावकरांनी तर ताटातली भाजीसुद्धा सोडली नाही. मला हे सगळं आवडतं. माझी तक्रार आहे ती आमच्यासारख्या मागून आलेल्यांबद्दल. आम्हाला टाळी कुठं पडते ते कळलं. आणि एकदा ते कळलं की माणूस तिथंच घर बांधतो.

दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही, माझंच सांगतो. माझ्या वडिलांच्या काटकसरीवर माझी एक कविता आहे. टूथपेस्टची ट्यूब ते लाटण्यानं लाटत, नंतर कात्रीनं उभी चिरत, वगैरे. वीस वर्षं मी ती वाचतोय. लिहिली तेव्हा खरी होती. त्यांच्या पगारात चार भावंडं कशी शिकली हे कळायला मला ती कविता लिहावी लागली होती. पण आता? ट्यूब चिरण्याच्या ठिकाणी मी थांबतो, चष्मा काढतो, पुसतो. हशा येतो. पुतण्यानं मोबाइलवर दोन गावांतले कार्यक्रम टिपले होते. शेजारी शेजारी लावून दाखवले. दोन्हीकडं चष्मा त्याच शब्दाला निघतो. चष्म्यावर काही नसतं. आणि आणखी एक. कवितेत 'अजूनही' हा शब्द आहे, वडील अजूनही असं करतात म्हणून. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. तो शब्द मी बदललेला नाही, कारण 'करायचे' म्हटलं की हशा कमी येतो. मी करून पाहिलंय.

मग ही कविता आता खरी की खोटी? शब्द तेच आहेत. त्या कंडक्टरांनी दहा गावांत तीच कविता वाचली असती, तर म्हातारीपाशी तेही चष्मा पुसायला लागले असते का? कोण जाणे. त्यांनी ती परत वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

याच्या उलट टोकाला बहिणाबाई. १८८० चा जन्म, जळगावजवळच्या आसोद्याचा. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढं ती म्हणत राहिली. तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ते टिपून ठेवलं म्हणून राहिलं. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे तिच्या हयातीत तिची कविता फक्त कानांसाठीच होती. टाळीची सोय नव्हती, कारण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाईचा हातही खुंट्यालाच असतो. तिच्या कवितेत भरपूर मिश्कीलपणा आहे. मनाला ती उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराच्या रांगेत बसवते. ही तत्त्वज्ञानातली उपमा वाटते तुम्हाला? ज्याच्या शेतात शेजाऱ्याचं ढोर शिरलंय त्याला विचारा. शिव्या आणि हसू एकदमच येतं.

आणि या बाईच्या कवितेचं आपण काय केलं? शाळेच्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो. तिथं शहरातली मुलं नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बहिणाबाई म्हणतात. हेल असा काढतात की पालक हसतात. ते पालक कवितेला हसत नाहीत, बोलीला हसतात. लेवा बोली ही त्यांना गंमत वाटते. हा हशा मी आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या हशांच्या विरुद्ध आहे. त्यात कबुली नाही, उलट 'आम्ही असे नाही' हे त्यात आहे. एकदा मी अशा हेल काढणाऱ्या मुलीला पहिला नंबर दिला नाही, तर तिच्या आईनं मला जिन्यात गाठून विचारलं, "सर, एक्स्प्रेशन्स कमी पडली का?" मी म्हटलं, "नाही, जास्त झाली." बाई नाराज झाल्या. पहिला नंबर दिला तो जळगावकडच्या एका मुलाला. त्यानं काहीच केलं नाही. घरी बोलतो तसं बोलला.

मला कुणी म्हणेल, प्रत्येक खऱ्या कवितेनं हसवलंच पाहिजे का? अजिबात नाही. १९७२ चा 'गोलपिठा' मोठ्यानं वाचा. नामदेव ढसाळांच्या त्या ओळींवर सभागृह हसत नाही, अंग चोरतं. ती वेगळी ताकद आहे आणि तिच्यावर बोलायला वेगळी संध्याकाळ लागेल. माझं म्हणणं आजच्या विषयापुरतं आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती वाचनालयाच्या कारभाराची आहे.

व्यासपीठावर बसून बसून मला एक सवय लागलीय. कवितेवर हशा आला की मी कवीकडं पाहत नाही, सभागृहाकडं पाहतो. हशा कुठून सुरू होतो ते बघतो. तो जवळजवळ नेहमी मागून सुरू होतो. दाराशी उभे असलेले, चपला हातात धरलेले, उशिरा आलेले. तिथून तो पुढं सरकत येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत आला की अडतो. का अडतो? पहिल्या रांगेत सोफे असतात. सोफ्यांवर नगराध्यक्ष असतात, देणगीदार असतात, संस्थाचालक असतात. त्यांच्या मागं बसलेली माणसं हसण्याआधी त्यांच्या मानेकडं बघतात. मान हलली तर हसतात. 'सलाम'सारख्या कवितेलासुद्धा मी लोकांना असं मानेकडं बघताना पाहिलंय. आता यावर वेगळी कविता लिहायची काय गरज आहे, सांगा. आजही तसंच झालं. मघाशी कंडक्टरांच्या वेळी हशा त्या खांबापाशी सुरू झाला, मी पाहिलं. सोफ्यावरच्या मान्यवरांनी रागावू नये. त्यांची चूक नाही, सोफ्याची आहे. तो इतका मऊ आहे की पाठ टेकली की हसायला पुढं झुकता येत नाही. मीही बसलोय त्याच्यावर.

तेव्हा कार्यवाहांना माझी विनंती आहे. कोजागरीला तुमचं कविसंमेलन आहे असं मला कळलं. त्या दिवशी हे चार सोफे उचलून मागच्या भिंतीला लावा आणि पुढं सतरंजी घाला. मान्यवरांना तिथंच बसवा, दाराशी, चपलांजवळ. मलाही बोलवा. वडिलांची ती कविता मी वाचेन, 'करायचे' म्हणून वाचेन, आणि चष्मा घरी ठेवून येईन.